पांढऱ्या लोंब्या

आमच्या खानापूरकडे दिवाळीच्या तोंडावर भाताच्या लोंब्या दाण्यांच्या भारानं वाकतात. १९९४ साली मात्र आमच्या शेतात जागोजागी पांढऱ्याफेक लोंब्या ताठ उभ्या होत्या. धाकट्या बहिणीला त्या फार आवडल्या. तोरणासाठी तिनं मूठभर उपटूनही आणल्या. ओढल्या की अलगद हातात येत होत्या.

वडिलांनी उसनवारी करून औषध आणलं, दोनदा फवारलं. बांधापलीकडचे अप्पा कानडी. ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हुळ ओळग ऐती." किडा आत आहे. मग एक काडी बुडातून कापून त्यांनी विळ्यानं उभी चिरली. आत भुसा, आणि त्यात फिकट पिवळी अळी. औषध वरून ओघळत होतं, ही आत बसून खात होती.

खोडकिडीचं चरित्र मला पुढं पुस्तकातून कळलं. मादी पतंग पिवळसर, पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका. पानाच्या शेंड्याकडे ती अंड्यांचा पुंजका घालते आणि स्वतःच्या अंगावरचे केस काढून त्यावर पांघरते. (शत्रू खरा, पण इथं मी वाचायचा थांबलो होतो.) आठवड्याभरात अळ्या निघतात, धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं शेजारच्या रोपावर जातात, खोडात शिरतात. फुटव्याच्या दिवसांत शिरली तर मधली सुरळी वाळते. भात नवे फुटवे काढून थोडंफार सावरतं. पोटरीच्या वेळी शिरली की लोंबी पोचट, तिथं उपाय उरत नाही. कापणीनंतर उरलेल्या अळ्या धसकटात, जमिनीलगत, पावसाची वाट बघत निजून राहतात.

म्हणजे उपाय करायचा तो आदल्या हिवाळ्यात, नांगरटीनं. त्या हिवाळ्यात आमचं शेत नांगरलंच नव्हतं. बैलजोडी माझ्या कॉलेजच्या फीसाठी विकली होती. सगळा दोष त्या धसकटांचा नसेलही, पतंग काय कुठूनही उडत येतो. पण वडील कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

सुगी झाल्यावर अप्पांनी आपली जोडी बांध ओलांडून आमच्या शेतात घातली. उलटलेल्या धसकटांवर बगळे उतरले. वडील पैसे द्यायला गेले, तर अप्पा हसले.

"तुमच्या शेतातला पतंग पावसात माझ्याच भातावर येणार की ओ!"