तबेल्यातला पोऱ्या आणि गिटार

1611 साली सेबास्तियान दे कोवारूबियासचा स्पॅनिश भाषेचा शब्दकोश माद्रिदमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'विहुएला' या प्रतिष्ठित तंतुवाद्याची नोंद लिहिता लिहिता कोशकाराचा तोल सुटतो. गिटार आल्यापासून विहुएला शिकणारे फार थोडे उरले, गिटार म्हणजे निव्वळ गुरांच्या गळ्यातली घंटा, आणि ती झोडपणे इतके सोपे की तबेल्यातला प्रत्येक पोऱ्या आज गिटारवादक झाला आहे, असे तो म्हणतो. शब्दार्थ राहतो बाजूला आणि आपल्याला ऐकू येते ती एका सुशिक्षित माणसाची चिडचिड.

या पोऱ्याला गिटार शिकवली कोणी? ज्यांनी कोणी शिकवली असेल ते असोत. पण शिकण्याची एक सोपी वाट तोवर छापून झाली होती. माँटसेराट डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मोनिस्त्रोल गावचा जुआन कार्लोस आमात हा पेशाने वैद्य. त्याची छोटी पुस्तिका 1596 सालची मानली जाते. गिटारला तेव्हा तारांच्या पाच जोड्या असत. आमातने कॉर्ड्सना 1 ते 12 असे आकडे दिले, प्रत्येक आकड्याचे मेजर आणि मायनर असे दोन प्रकार केले आणि कोणते बोट कुठे ठेवायचे ते सांगितले. चोवीस आकार शिकले की गाण्याला साथ करता येते. स्वरलिपी वाचता येण्याची अट नाही. ही पुस्तिका पुढे सुमारे दोनशे वर्षे छापली जात राहिली. इटलीत आकड्यांऐवजी अक्षरे आली. तिथे 'ए' हे अक्षर दिसले की वाजवायची जी मेजर कॉर्ड! म्हणजे ते अक्षर स्वराचे नाव नव्हतेच. ते हाताच्या आकाराचे नाव होते.

मी हे वाचले तेव्हा मला आमच्या गावातल्या क्लासची आठवण झाली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी तिथे नाव घातले. पहिल्याच दिवशी हातात झेरॉक्स पडली: सहा उभ्या रेषा, आडव्या पट्ट्या, त्यांवर काळे ठिपके. तिसऱ्या आठवड्यात चार कॉर्ड्सवर एक जुने चित्रपटगीत उभे राहिले. तो आनंद खोटा नव्हता, आणि त्याला हसणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच उभी राहणार नाही. मात्र एका संध्याकाळी वीज गेली आणि आठच्या आठ गिटारी एकदम थांबल्या. आम्ही सगळे डोळ्यांनी वाजवत होतो.

उत्तरपत्रिका तपासताना मला हेच दिसते. चेतनागुणोक्ती बरोबर ओळखलेली असते, अनुप्रास अधोरेखित असतो, 'कवीने येथे' ही सुरुवातही जागच्या जागी असते. कविता मात्र ऐकलेली नसते. तरीही गाईडवर तुटून पडणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे पटत नाही. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला कुणीतरी ठिपक्यांचा कागद द्यावाच लागतो. कोवारूबियासच्या तक्रारीत वाद्याविषयीच्या प्रेमाइतकीच पोऱ्याविषयीची तुच्छता आहे, हे विसरून कसे चालेल?

त्याच माँटसेराट डोंगरावरच्या मठात, आमातनंतर जवळजवळ दोन शतकांनी, फर्नांदो सोर संगीत शिकला. त्याचा गिटारवरचा ग्रंथ 1830 साली पॅरिसमध्ये निघाला. पुस्तक शब्दबंबाळ आहे, पण प्रत्येक गोष्टीचे कारण देणारे आहे. तृतीय आणि षष्ठ स्वरांतरे (आपल्या भाषेत सा-ग, सा-ध अशा जोड्या) पक्की करा, हाताच्या जागा त्यांतून निघतील, असा त्याचा रोख. आधी स्वर, मग आकार. नखाने वाजवावे की बोटाच्या टोकाने, यावर सोर आणि त्याचा मित्र दिओनिसियो आग्वादो यांचे मतभेद होते. तरी दोघांनी मिळून वाजवण्यासाठी सोरने 'दोन मित्र' नावाची रचना केली. आपल्या वाङ्मयीन वादांतून अशी द्वंद्वगीते निघाल्याचे ऐकिवात नाही.

आकाराशिवाय गिटार शिकवता येते का, याचे मला सुचणारे सर्वांत चांगले उत्तर भारतातले आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून पोलादी कांडी फिरवली आणि रागसंगीत वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली' (1967) या ध्वनिमुद्रिकेतली गिटार त्यांची. त्यांचे गुरू अली अकबर खाँ, म्हणजे सरोदवादक. सरोदवर गुरूची बोटे कुठे पडतात हे पाहून मांडीवरच्या गिटारला काय कळणार? घेण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे ऐकू येणारी मींड. ती आपल्या तारेवर कुठे आहे हे शिष्याने शोधायचे.

गेल्या सत्रात द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी पुस्तके मिटायला सांगितली आणि एकच कविता तीनदा वाचली. दुसऱ्या वाचनाला चुळबुळ सुरू झाली होती. तिसरे संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, दुसऱ्या कडव्यात तुम्ही मध्येच थांबलात, ते का?" त्या जागी कोणता अलंकार आहे हे त्याला आठवत नव्हते. मीही विचारले नाही. ते कडवे पुन्हा वाचले.