डेकवरची चूल

युद्धनौकेच्या डेकवर चूल मांडलेली आहे. फोटो अमेरिकन यादवी युद्धातला, ९ जुलै १८६२चा, बोट ‘मॉनिटर’, नदी व्हर्जिनियातली जेम्स. बरोबर चार महिन्यांपूर्वी, ९ मार्चला, याच बोटीने हॅम्प्टन रोड्सला दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या बोटीशी तास न् तास झुंज दिली होती. लोखंडी चिलखताच्या दोन बोटी समोरासमोर भिडल्या त्या जगात पहिल्यांदाच. फोटोग्राफर जेम्स गिब्सन काचा नि रसायनं घेऊन डेकवर आला तेव्हा खलाशी जेवणाच्या खटपटीत होते, कुणी पट मांडून खेळत होते. खाली राहणंच शक्य नव्हतं. डेक पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर, माणसांच्या खोल्या पाण्याच्या पातळीखाली, वरून लोखंड आणि व्हर्जिनियाचा जुलै. मग भटारखाना वर येणारच.

खलाशांचे असे फोटो जमवणाऱ्यांची जात वेगळी. अधिकाऱ्यांचे फोटो मुबलक मिळतात. स्टुडिओत जायचं, खुर्चीच्या पाठीवर हात टेकायचा, तलवार दिसेल असं उभं राहायचं. मला ते कंटाळवाणे वाटतात. डेकवर जमलेले खलाशी दुर्मीळ, कारण काच ओली असेतोवर फोटो काढून लगेच धुवायला लागे, आणि काही सेकंद सगळ्यांनी निश्चल राहायचं. माणसं राहतील हो, पण नांगरलेली बोटही डुलतेच. जमवणारे आधी टोपीची फीत बघतात, तिच्यावर बोटीचं नाव असलं तर पाकिटाला हात जातो. टिनटाइपवर, म्हणजे पत्र्यावरच्या फोटोत, तीच अक्षरं उलटी उमटतात, म्हणून आरसा जवळ ठेवायचा. अमेरिकन फोटोच्या पाठीवर कराचा स्टॅम्प दिसला, तर तो १८६४ ते १८६६ या दोन वर्षांतच विकला गेला असं समजायचं.

‘मॉनिटर’च्या खलाशांचं नशीब त्या फीतवाल्यांपेक्षा निराळं. ३१ डिसेंबर १८६२च्या पहाटे, केप हॅटरसजवळच्या वादळात बोट बुडाली. सोळा जण गेले. १९७३ साली ती सापडली, आणि २००२मध्ये तिचा फिरता बुरूज वर काढला गेला. बुडताना बोट उलटल्यामुळे बुरूज तळाशी पालथा पडला होता. त्यात गाळ, कोळसा, दोन तोफा आणि दोन माणसांचे सांगाडे. एक तरुण, दुसरा वयाने मोठा. मोठ्याच्या दातांत पाइप धरून धरून खाच पडलेली. सांगाड्यांबरोबर सोन्याची अंगठी निघाली. नावं काही निघाली नाहीत. २०१२ साली लुइझियानातल्या विद्यापीठात कवट्यांवरून दोघांचे चेहरे घडवले गेले आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये दोघांना आर्लिंग्टनला लष्करी इतमामाने पुरलं.

ते घडवलेले चेहरे पाहिल्यावर मी पुन्हा गिब्सनच्या फोटोकडे गेले. मूळ काच लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे, आणि फोटो मोठा करून पाहिला तर गुडघ्यावरच्या विजारीच्या सुरकुत्याही दिसतात. मग एकेक डोकं. हा तरुण तो तर नाही? त्याच्या मागचा? पाइपवाले शोधायला गेले तर दाढीवालेच जास्त. शेवटी प्रत्येक चेहऱ्यात मला कवटी दिसायला लागली आणि मी उठून चहा टाकला. पुढे बसलेला एक काळा खलाशी साया कार्टर असावा असं काहींचं म्हणणं. शर्ली नावाच्या मळ्यातला हा गुलाम मे महिन्यात पळून ‘मॉनिटर’वर आला आणि तिथेच नोकरीला लागला. मळाही जेम्स नदीच्याच काठी, म्हणजे ज्या पाण्यातून तो पळाला त्याच पाण्यावर सातेक आठवड्यांनी त्याचा फोटो निघाला. मालकाने हा फोटो कधी पाहिला असेल का, हे मला चुलीपेक्षाही जास्त छळतं.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका काचेवर बुरुजाला गोळ्यांनी पडलेले खळगे दिसतात. शेजारी अधिकारी उभे आहेत. त्यांच्यामुळे खळगे किती मोठे ते कळतं, एवढाच त्यांचा उपयोग.

हल्ली माझं मन दुसऱ्या बोटीत गुंतलंय. ‘गँजेस’ १८२१मध्ये मुंबईच्या गोदीत उतरली, वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानातून. उतारवयात तिने इंग्लंडमध्ये, फालमथच्या बंदरात, आरमारात भरती होणाऱ्या पोरांची शाळा चालवली. फोटोच्या जमान्यातली शाळा, तेव्हा पोरांचे फोटो निघाले. जमवणारे त्यात टोप्या बघतात, रांगा बघतात. मला पोरांच्या पायाखालचा साग बघायचाय. एका विक्रेत्याला पत्राने विचारलं, डेकच्या फळ्या नीट दिसतात का? त्याने किंमत कळवली, फळ्यांबद्दल अवाक्षर नाही.