परभणीच्या अंगणांतील कर्दळ

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानवत रोड मागें पडलें, कीं दोहों बाजूंस काळीभोर जमीन पसरलेली दिसते. हा परभणीचा मुलूख. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस पूर्णा व मध्यें दुधना अशा नद्या असूनहि येथील गृहिणीला वैशाखांत पाण्याचा हिशेब घागरींनीं करावा लागतो. पावसाळ्यांत जिच्यांत पाऊल रुततें, त्याच जमिनीस उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्येष्ठापूर्वीं पारा बेचाळीस अंशांपुढें चढतो, तर पौषांत कधीं कधीं पांचाच्याहि खालीं उतरतो. अशा टोकाच्या हवेंत बाराहि महिने हिरवें राहणारें एक झाड येथील जुन्या घरांच्या परसांत आढळतें. मोरीच्या तोंडाशीं उभी असलेली कर्दळ ती हीच.

कर्दळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, कीं ती परदेशची असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. वस्तुतः तिचें माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत आहे. लिनियस या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिला ‘कॅना इंडिका’ असें नांव दिलें खरें. पण तेवढ्यावरून ती हिंदुस्थानची ठरत नाहीं. आपल्याकडेहि तिच्या नांवाचा असाच एक घोटाळा आहे. दत्तभक्तांच्या घरांत ‘कर्दळीवन’ हा शब्द नित्याचा. पाथरी तालुक्यांतील गुंज येथें गोदातीरीं योगानंद सरस्वतींची समाधि असल्यामुळें या जिल्ह्यांत तर तो विशेषच परिचित. परंतु श्रीशैलाजवळचें तें वन कदलीचें, म्हणजे केळींचें. आपल्या या फुलझाडाचें नव्हे. तरीहि दोघींचें नातें अगदींच लटकें नाहीं. केळ, हळद, आलें व कर्दळ या सर्व एकाच गणांतील वनस्पती होत. पूजेच्या चौरंगास केळीचे खुंट न मिळाल्यास कर्दळीचे दांडे बांधण्याची जी चाल आहे, तिला वनस्पतिशास्त्राचीहि अशी संमति आहे.

कर्दळ मोरीपाशींच कां, याचें उत्तर पाण्याच्या टंचाईंत आहे. स्नानाचें, भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी वाहून जाण्यापूर्वीं त्यानें आणखी एक काम करावें, हा त्या योजनेचा हेतु. बहुतेक फुलझाडांचीं मुळें सतत ओल्या मातींत कुजतात. कर्दळीचीं कुजत नाहींत. उलट, सांडपाण्यांतील पोषक द्रव्यें शोषून ती वाढते. याच गुणामुळें वनस्पतींच्या साहाय्यानें सांडपाणी शुद्ध करण्याच्या आधुनिक योजनांतहि तिची निवड होते. जेथें चिखल व डांस व्हावयाचे, तेथें तांबडीं-पिवळीं फुलें डोलूं लागतात.

लागवडीची रीत सोपी आहे. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता व तिकडील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. ती हळद लावणें जिला ठाऊक, तिला कर्दळ शिकवावी लागत नाहीं. पहिला चांगला पाऊस पडतांच दोन-तीन डोळे असलेले गड्डे तीन-चार इंच खोल व दीड-दोन फूट अंतरानें लावावेत. काळी माती चिकट, म्हणून वाफ्यांत रेती आणि भरपूर कुजलेलें शेणखत मिसळावें. दिवसांतून पांच-सहा तास ऊन हवेंच. सावलींत पानें माजतात व फुलें रुसतात. एका दांड्याचा बहर संपला, कीं तो पुन्हां फुलत नाहीं. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे शेजारचा कोंब जोर धरतो. उन्हाळ्यांत बुडाशीं पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. दोन-तीन वर्षांनीं गर्दी झाली, कीं गड्डे उकरून विभागावेत व उरलेले शेजारणींस द्यावेत. बियांपासून रोप करावयाचें असल्यास छऱ्यासारखी टणक काळी बी दगडावर घासून रात्रभर भिजत घालावी.

पान गुंडाळून आंत बसणारी अळी दिसल्यास तें पानच तोडून नष्ट करावें. पानांवर शिरांच्या अनुरोधानें पिवळे पट्टे उमटूं लागले, तर तो बहुधा विषाणूचा रोग समजावा. तें बेट गड्ड्यांसकट उपटून जाळावें. परंतु कोंवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधलाच भाग पिवळा पडला, तर दोष मातीचा असतो. येथील काळी जमीन मुळांतच चुनखडीयुक्त व अल्कधर्मी. त्यांत कपडे धुण्याच्या पुडीचें क्षारयुक्त पाणी रोज मुरलें, कीं मुळांना लोह मिळेनासें होतें. म्हणून कपड्यांचें पाणी वेगळें काढावें व स्नानाचें आणि स्वयंपाकघराचें तेवढें कर्दळीस द्यावें. १९७२ पासून परभणीस कृषिविद्यापीठ आहे व मोठ्या शेतांचा विचार तेथें होतो. दाराशींच्या चार हात मातीचा विचार मात्र गृहिणीनेंच करावयाचा आहे.

आज परसाच्या जागीं फरशी आली आहे, मोऱ्या बंद गटारांस जोडल्या आहेत व कर्दळ कुंडींत चढली आहे. सोय झाली, हें खोटें नव्हे. पण एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें या मुलखास विसरतां येणार नाहीं. पुष्कळ घरांत आज नळाच्या ताज्या पाण्यानें बाग शिंपली जाते व त्याच वेळीं न्हाणीचें पाणी गटारांत जातें. घर बांधतांना किंवा दुरुस्त करतांना न्हाणीच्या नळीचें एक तोंड दोन हात मोकळ्या मातीकडे वळविण्यास फारसा खर्च येत नाहीं. तेवढें केलें, तर तेथें लावलेली कर्दळ वेगळें पाणी फारसें मागणार नाहीं, आणि घरांतील मुलांना पाणी दोनदां वापरतां येतें हें कोणी मुद्दाम शिकवावें लागणार नाहीं.