६१७४ चा मुक्काम

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणारे एक शिक्षक होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. आकड्यांचे त्यांना वेडच होते. त्या वेडातून त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले.

वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या. चार आकडी संख्या लिहा; चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तिथून हलणे नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च! कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत हाच मुक्काम. तीन अंकांसाठी असा मुक्काम ४९५ आहे. दोन किंवा पाच अंकांना असा एकच मुक्काम नाही.

आता थोडे खोलात जाऊ. ६१७४ म्हणजे १८ गुणिले ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ चा घन. १८, त्याचा वर्ग ३२४ आणि घन ५८३२ यांची बेरीजही ६१७४च भरते. हे गुण संख्येच्या अंगचे. ती कशीही लिहा, ते राहणारच. मुक्कामाची गंमत मात्र दशमान पद्धतीची. हीच संख्या आठाच्या पद्धतीत १४०३६ अशी लिहावी लागते. किंमत तीच, पण ती गंमत तिथे उरत नाही. अंकांची बेरीज १८, आणि तिने ६१७४ ला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. हा हर्षही लिहिण्याच्या रीतीतलाच!

आमच्या शाहपुरात हे मला फार जवळचे वाटते. इथल्या मराठी घरांत मुले 'एकोणऐंशी' ऐकतात आणि शाळेत 'उन्यासी' लिहितात. पालक म्हणतात, "सर, उत्तर तर तेच येते, मग मराठी पाढे कशाला?" उत्तर तेच येते, हे खरे. हिंदीही आपलीच, तिच्याशिवाय इथे पान हलत नाही. पण पावकी, निमकी, दीडकी म्हणताना आजीच्या तोंडचा जो ठेका मुलाच्या जिभेवर बसतो, तो उत्तरात दिसत नाही. तो मांडणीत असतो, ६१७४ च्या मुक्कामासारखा. मांडणी सोडली की किंमत शिल्लक राहते, पण हर्ष जातो.

म्हणून या दिवाळीत फराळाच्या ताटाजवळ मुलांना बसवा, त्यांच्या जन्मवर्षापासून सुरुवात करू द्या आणि वजाबाकी मोठ्याने म्हणायला सांगा. मराठीतून.