सरी, वरंबा आणि शाई

त्वचारोग विभागात जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, म्हणून रुजू झाले तेव्हा मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग मला तोंडपाठ होता. म्हणजे ए-बी-सी-डी-ई पाठ होतं: डागाचे दोन अर्धे एकसारखे नसणं, कड वेडीवाकडी, रंग एकाहून जास्त, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर, आणि ई म्हणजे डाग बदलत जाणं. पहिली चार अक्षरं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडली, ई २००४ मध्ये जोडलं गेलं, हेही परीक्षेपुरतं ठाऊक होतं. पुस्तकातल्या फोटोत गोरीपान पाठ आणि तिच्यावर डाग. न ओळखायला काय झालं?

ओपीडीत पहिल्या आठवड्यात मला सगळेच डाग मेलॅनोमा वाटले. गालांवरचे तीळ, मानेवरचे मस, म्हाताऱ्या पाठींवर मेण चिकटवल्यासारखे खडबडीत काळे चट्टे. ६ मिलिमीटरची पट्टी लावली असती तर निम्मी ओपीडी भरती करावी लागली असती.

मग पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला. टाचेवर काळे ठिपके. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर अनवाणी पळायचा. मी गंभीर चेहरा करून विभागातल्या वरिष्ठ मॅडमना बोलावलं. त्यांनी १५ नंबरचं ब्लेड घेऊन टाचेची वरची निबर कातडी हलकेच खरवडली आणि माझा मेलॅनोमा कागदावर उतरला. घासून साकळलेलं रक्त होतं ते. “बूट घालून पळ रे,” त्या त्याला म्हणाल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत, ते जास्त लागलं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. तळव्यावरचं काळं म्हणजे एक तर रक्त, नाहीतर कुरूप.

अशातच एक आजी कमरेच्या गजकर्णासाठी आल्या. मी मलम लिहिलं, त्या उठल्या, आणि चप्पल सरकवता सरकवता म्हणाल्या, “टाचंला कुरूप हाय, त्याचंबी लिवा.” मी वरवर बघितलं आणि कुरूपाची पट्टी लिहून मोकळी झाले. पलीकडच्या टेबलावरून मॅडमचा आवाज आला, “आजी, बसा जरा. पाय वर घ्या.”

स्पिरिटच्या बोळ्याने माती निघाली तसा डाग उघडा पडला. अंगठ्याच्या पेराएवढा, एका बाजूला चहासारखा तपकिरी, दुसऱ्या बाजूला काळाभोर. उंचवटा नाही, दुखणं नाही. कुरूप दाबलं की दुखतं, हे दाबून बघायलाही मला सुचलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याएवढा होता, आजी म्हणाल्या. म्हणजे पाचही अक्षरं तिथे हजर होती. फक्त मी त्यांची वाट पाठीवर बघत होते.

मॅडमनी डर्मोस्कोप माझ्या हातात दिला. दहापट मोठा तळवा म्हणजे समांतर रेघांचं रान. “काळं कुठे आहे? सरीत की वरंब्यावर?” साधा तीळ असेल तर रंग बहुतेक सरीत बसतो; वरंब्यावर चढला असेल तर घाबरायचं. मी ठाण्याची. सरी कुठली नि वरंबा कुठला, हेच मला कळेना.

“वरंबा उंच, सरी खोल. पानी सरीतनं जातं,” आजींनी वरून शिकवलं.

मॅडमनी खिशातलं शाईचं पेन काढलं, डागाच्या कडेला निळी शाई लावली आणि बोळ्याने पुसली. खोलगट रेघांत शाई राहिली, उंचवटे स्वच्छ झाले. पुन्हा बघितलं. निळ्या रेघा बारीक, आणि त्यांच्या मधे रुंद, काळे पट्टे. त्या पट्ट्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने, कशिद्याच्या टाक्यांसारखे. काळं वरंब्यावर होतं.

मॅडम नंतर म्हणाल्या की उन्हाने होणारा मेलॅनोमा आपल्याकडे कमी, म्हणून तळवे, तळहात आणि नखांखालच्याचा वाटा मोठा; तो काही उन्हाने होत नाही. गायक बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये ३६व्या वर्षी तो गेला. सावळ्या माणसांच्या नखांत काळी रेघ निरुपद्रवीही असते, बऱ्याचदा अनेक नखांत. पण एकाच नखातली रेघ रुंदावत गेली किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर थांबायचं नाही.

तुकडा काढायचा म्हटल्यावर आजी बिथरल्या. “सुरी लागली की पसरतंय म्हनत्यात.” तसं होत नाही, हे मॅडमनी चार वेळा न कंटाळता सांगितलं. सगळ्यात काळ्या भागातून तुकडा घेतला. टाचेत भुलीचं इंजेक्शन फार दुखतं. आजींनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. जाताना पायाकडे बघून म्हणाल्या, “शाई पुसा की. लोक म्हनतील, म्हातारीनं पायानं मतदान केलं.”

रिपोर्ट आला: मेलॅनोमा इन सिटू. वाईट पेशी अजून कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच, खाली उतरलेल्या नाहीत. कुरूपाची पट्टी लिहिलेला तो केसपेपर मी पुन्हा काढून पाहिला. पट्टीवर मॅडमनी नुसती आडवी रेघ मारली होती.

सर्जरीनंतर तीन महिन्यांनी आजी तपासणीला आल्या. टाचेवर मांडीच्या कातडीचं ठिगळ, हातात काठी. मी काही बोलायच्या आत दुसरी चप्पल काढून तो पाय स्टुलावर ठेवला.

“ह्योबी बघून घे. आन् शाई नगं.”