अडलेलीचं घंगाळ

आमच्या मालवणकडच्या घरी न्हाणीच्या कोपऱ्यात एक पितळी घंगाळ पालथं पडलेलं असतं. रुंद तोंड, बसकं पोट आणि दोन बाजूंना दोन कड्या. एक कडी सैल झाली आहे, त्यामुळे उचललं की ते एका कानाने कुरकुरतं. काठाला पोचा आहे. तो कुणी पाडला यावर घरात आजही दोन मतं आहेत. चिंचेने घासलं की दिवाळीपुरतं झळकतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा काळवंडतं. घरात प्लास्टिकच्या बादल्या आल्या, मग गिझर आला. घंगाळ कुणाशी भांडलं नाही. पालथं होऊन बसलं.

त्याचा स्वभावच तसा. पाणी तापवायचं बंबाने, उपसायचं तांब्याने. घंगाळाने फक्त धरून ठेवायचं. पण घरातल्या तीन पिढ्यांची पहिली आंघोळ त्याच्यातल्या पाण्याने झाली आहे. पाण्यात कोपर बुडवून आजी म्हणायची, "ऊन व्हया, कढत नको." घंगाळाची सगळी विद्या या चार शब्दांत आली.

गेल्या थंडीत ते पुन्हा उताणं झालं, ते गोमूसाठी.

गोमू ही आमची खाकी कॅम्पबेल बदकी. ही जात इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तयार केली. खाणंपिणं नीट असेल तर वर्षाला ३००च्या आसपास अंडी देते. म्हणजे रजा अशी नाहीच. गोमू उजाडायच्या आत पेंढ्यात अंडं टाकून मोकळी व्हायची. त्या दिवशी नऊ वाजले तरी ती खुराड्यातच. मान आखडलेली, अंग पेंग्विनसारखं उभं, शेपटी भात्यासारखी वरखाली. कळ येई, ती जोर करी, आणि काहीच नाही. समोर भात ठेवला तर ढुंकून पाहिना.

"अडली गो," आजी म्हणाली. बाळंतिणीसाठी जो शब्द, तोच तिने बदकीला लावला.

काका म्हणाले, पोट दाबून काढूया. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते पलीकडून जवळजवळ ओरडलेच. दाबायचं नाही, आत बोट घालायचं नाही, अंडं फोडायचं तर नाहीच. आत कवच फुटलं की त्याच्या धारदार कडा अंडनलिका कापतात, जखमेत पू होतो आणि जनावर जातं. तासभर ऊन पाण्याचा उपाय करून बघा, म्हणाले. नाही आलं तर घेऊन या, आणि मान टाकली तर तेवढंही थांबू नका.

घंगाळ चुंबळीवर बसवलं. तळाशी जुना टॉवेल घातला, कारण पितळेवर बदकाचे पाय घसरतात. बंबातलं पाणी, त्यात विहिरीचं, मग आजीचं कोपर. बदकाचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१-४२ अंशांचं. त्यामुळे आपल्या कोपराला सुखावणारं पाणी तिला भाजत नाही. पोट आणि शेपटीखालची बाजू बुडेल एवढंच पाणी भरलं. गोमूला आत सोडलं, वरून गोणपाटाचा आडोसा केला आणि आजीने सगळ्यांना न्हाणीबाहेर घालवलं. "अडलेल्याक घाई करू नये."

घंगाळाला घाई कधीच नव्हती. पितळेचा एक दोष मात्र आहे: घेतलेली ऊब ते लवकर सोडतं. म्हणून आजी कडेकडेने ऊन पाणी वाढत राहिली. ऊब लागली की आवळून बसलेले स्नायू सैलावतात, अंड्याला वाट मिळते. पंचवीस मिनिटांनी गोमूला बाहेर काढून पुसलं, शेपटीखाली हलक्या हाताने खोबरेल लावलं आणि अंधाऱ्या खोक्यात ठेवलं. काही झालं नाही. काकांनी मोटरसायकलची किल्ली हातात घेतली. आजी म्हणाली, एकदा आणखी.

दुसऱ्या खेपेला दहाएक मिनिटं गेली असतील. गोणपाटाआडून एक दबलेला आवाज आला: ठक्. एवढ्या वर्षांत घंगाळ आपणहून बोललं ते एवढंच.

टॉवेलाच्या कडेला, उघड्या पितळेवर, अंडं पडलं होतं. एका टोकाला सुरकुतलेलं, खडूसारखं खरखरीत. ते अंडं म्हणजे आमच्यावरचं आरोपपत्रच होतं. अंडं तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो आणि त्यातला बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो. हे कवच जवळजवळ सगळं चुन्याचं. खाण्यात कॅल्शियम नसेल तर बदकी ते आपल्या हाडांतून काढते. आणि अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. आम्ही तिला लाडाने भात आणि कोंडा घालत होतो. आठवड्यापूर्वी तिने रबरासारखं मऊ, बिनकवचाचं अंडं टाकलं होतं, तेव्हा आम्ही त्याची गंमत केली. तो इशारा होता. डॉक्टरांनी संध्याकाळी तिला तपासून कॅल्शियम दिलं, अंड्यावरच्या पक्ष्यांचं खाद्य सुरू करायला सांगितलं. शेजारी एका वाडग्यात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा असतो. हवा तेवढा गोमू स्वतः टिपते.

गोमूची गोष्ट वाडीत पसरली आणि घंगाळाला नसता मान मिळाला. तो त्याला मानवणारा नाही. ते औषध नव्हे. अंडं वाकडं असेल, नलिकेला सूज असेल, बदकी फार लठ्ठ किंवा म्हातारी असेल, तर पितळेत कितीही पाणी ओता, उपयोग नाही. घंगाळाने त्या दिवशी एवढंच केलं की ऊब धरून ठेवली आणि आमचे उतावळे हात तासभर दूर ठेवले. अडलेल्या जिवाला पहिल्यांदा तेवढंच हवं असतं.

बदकं पाळत असाल तर पसरट तोंडाचं एखादं भांडं, शिंपल्यांचा चुरा आणि गुरांच्या डॉक्टरांचा नंबर, तिन्ही आजच घरात असू द्या. आणि भांड्यातलं पाणी दोनदा निवलं, तरी अंडं आलं नाही, तर तिसऱ्यांदा पाणी तापवू नका. गाडी काढा.