बारीक माणसाची शुगर

आमच्या घरात शुगर हा जाड माणसांचा आजार होता. आत्या जाड, म्हणून तिला शुगर. बाबा बारीक, म्हणून त्यांना काही होणार नाही. हे गणित इतकं पक्कं होतं की २०१८ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तपासणीत बाबांची शुगर निघाली तेव्हा आई पहिलं वाक्य बोलली ते असं, "रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा नाही ना आला?"

रिपोर्ट बाबांचाच होता. मग सगळ्यांना एकच प्रश्न पडला, यांनी असं केलं तरी काय? कळव्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जो भेटेल तो नवा शोध लावायचा. चहात साखर जास्त असेल. रात्रपाळीमुळे असेल. टेन्शन घेत असतील. एका डॉक्टरांनी तर काट्यावर ५८ किलो बघूनही "तोंडावर ताबा ठेवा" असं सुनावलं. बाबांनी मान हलवली आणि ते बाहेर आले. त्यानंतर दोन वर्षं ते तपासणीलाच गेले नाहीत. गोळ्या संपल्या की जुन्याच चिठ्ठीवर आणायचे. लग्नात पंगतीला बसले की आजूबाजूला बघून मगच ताटाला हात लावायचे.

बारीक माणसाला शुगर होते कशी, हे मी शोधायला लागलो ते ऑफिसला जाता-येता, लोकलमध्ये उभ्या उभ्या. शोधता शोधता एका फोटोपाशी थांबलो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला होता. त्यात दोन डॉक्टर आहेत. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. काट्याला हा फरक कळत नाही.

हा फरक येतो कुठून, याचं उत्तर याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत शोधत होते. १९९३ साली त्यांनी तिथल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या गरोदरपणात काय खातात, किती राबतात, बाळं केवढी होतात, सगळं लिहिलं जाऊ लागलं. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगात चरबी जपून ठेवायची सवय जन्माआधीच लागलेली. यातल्या बहुतेक आयांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडत होतं. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम जास्त अडत होतं.

आता बाबांचं सांगतो. त्यांचा जन्म १९७२ चा, माण तालुक्यातला. दुष्काळाचं साल. आजी पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबांची शुगर तिथेच सुरू झाली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. असा अभ्यास शेकडो माणसांबद्दल बोलतो, एकट्या माणसाचा निकाल लावत नाही. पण तोंडावर ताबा ठेवा, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही, हे नक्की.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या आईचं चुकलं व्हय?"

या प्रश्नाची मला अपेक्षा नव्हती. आजाराचं मूळ आईच्या पोटात सापडलं की दोषही तिच्याच पदरात टाकायचा, ही आपली सवय. मी म्हटलं, "खडी फोडताना आजीला कुणी विचारलं होतं का, बाई, आज काय जेवलीस?" बाबा हसले नाहीत, पण खुर्चीत जरा सैल बसले.

धोका आणि दोष हे दोन वेगळे शब्द आहेत. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची एक सोपी मोजणी तयार केली. चारच गोष्टी: वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का. गुण १००. वयाचे जास्तीत जास्त ३० आणि आई-वडिलांचे २०. म्हणजे निम्मे गुण आपल्या हातात नाहीतच. उरलेले निम्मे कंबर आणि हालचालीचे.

मी माझे गुण मांडले. वय २७, शून्य. बाबांचे १०. कंबर ९२ सेंटिमीटर, १०. दिवसभर बैठं काम आणि व्यायाम नाही, ३०. एकूण ५०. साठला धोका जास्त समजतात. मी काहीही न बदलता नुसता ३५ वर्षांचा झालो, तरी ७० होतील. आणि ते हातातले निम्मे तरी खरंच हातात असतात का? सकाळी साडेसातला बाहेर पडायचं, रात्री नऊला परत. कळव्याला स्लो लोकल तेवढी थांबते, तीही मुंब्र्याकडून भरूनच येते. चालायला वेळ काढायचा तो यातूनच.

म्हणून मी सकाळची कळव्याची गाडी सोडली. आता खाडीवरच्या पुलावरून चालत ठाणे स्टेशन गाठतो. पाऊस असला की जमत नाही. तुम्ही बारीक असलात तरी एकदा शिंप्याची टेप घेऊन बेंबीपाशी कंबर मोजा. पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावं, असं आपल्याकडे सांगतात.

बाबा यंदा आपणहून डोळ्यांचा पडदा तपासून आले. परवा एका साखरपुड्यात कुणीतरी त्यांना म्हणालं, "एवढे बारीक, आणि शुगर? गोड फार खाल्लं असणार." बाबांनी शांतपणे ताटातली जिलबी बाजूला सारली, पोळीचा घास मोडला आणि म्हणाले, "नाही हो. बहात्तर सालचा जन्म आहे माझा."